माणसं गेली, घरं उरली, तरी बांधायला जागा नाही

गावात एवढी घरं कुलूपबंद पडलेली असताना सरकार वर आणखी घरकुलं कशाला बांधतंय, हा प्रश्न घाटावरून आलेला पाहुणा हमखास विचारतो. कोकणातला माणूस विचारत नाही. त्याला उत्तर माहीत असतं, फक्त ते सांगायला बसलं की सातबाऱ्यापासून कूळकायद्यापर्यंत सगळं उकरावं लागतं. इथे तेच उकरू. गावं रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली.

आधी माणसांचा हिशेब. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ भरली. दहा वर्षांत ८१ हजारांवर माणसं कमी, म्हणजे ४.८ टक्के घट. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर आला, घट २.२ टक्के. याच काळात अख्खा महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. राज्यात मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटली, पण तिथली माणसं उपनगरांत नि ठाण्याकडे सरकली, ती गोष्ट वेगळी. कोकणासारखी घट दाखवणारे जिल्हे देशात मोजकेच होते, उदाहरणार्थ उत्तराखंडातले अल्मोडा आणि पौडी गढवाल, केरळातले पथनमथिट्टा आणि इडुक्की. सगळे डोंगराळ, आणि सगळीकडे घरातलं कुणीतरी बाहेरगावी कमावणारं.

लोकसंख्या बदलते ती तीनच कारणांनी: जन्म, मृत्यू आणि ये-जा. कोकणात तिसरं कारण दीडशे वर्षं जुनं आहे. गिरणगावातल्या गिरण्या कोकणी माणसाच्या जिवावर चालल्या, आणि कोकणातली चूल मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या तरी गाड्या मुंबईकडेच जात राहिल्या, फक्त काम बदललं. या जाण्याची खूण जनगणनेत स्पष्ट दिसते. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६. पुरुष मुंबईत, बायका गावात.

पण इथे थोडं थांबण्यासारखं आहे. २००१ मध्ये हेच आकडे ११३६ आणि १०७९ होते. म्हणजे स्त्रियांचं पारडं हलकं होत चाललंय. मला याचा अर्थ असा दिसतो की पूर्वी पुरुष एकटा खोलीवर राहायचा आणि बायको-पोरं गावी असायची. आता जोडपं एकत्र जातं आणि मुलं तिकडच्याच शाळेत घालतं. एकटा गेलेला माणूस निवृत्त होऊन परत येतो. बिऱ्हाड हललं की ते परत येईल याची खात्री नसते. त्यात जन्मही कमी झालेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातला प्रजनन दर १.७ निघाला, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी १.७ मुलं. पुढची पिढी आधीच्या पिढीएवढी भरायला तो २.१ लागतो. मुलं होण्याच्या वयाची माणसंच जिथून निघून गेलीत, त्या गावात पाळणे कमी आणि बारावे-तेरावे जास्त होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग माणसं कमी झाली तर घरंही कमी लागायला हवीत ना?

नाही. घराची गरज डोक्यांवर ठरत नाही, चुलींवर ठरते. समजा एका घरात आठ माणसं एकत्र राहत होती. चौघं मुंबईला गेली. उरलेल्या चौघांत म्हातारं जोडपं आणि वेगळा राहू इच्छिणारा मुलगा-सून. माणसं निम्मी झाली, चुली एकाच्या दोन झाल्या. गावची लोकसंख्या घटत असताना घरकुलाची यादी लांबत का जाते, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

आता ती बंद घरं. जनगणनेत घरांची यादी करताना रिकामं घर आणि वापरातलं पण कुलूप लावलेलं घर यांची वेगवेगळी नोंद होते. २०११ मध्ये देशभरात नुसती रिकामी घरंच सुमारे २ कोटी ४६ लाख निघाली होती. कोकणातलं चाकरमान्याचं घर मात्र नुसतं रिकामं म्हणता येत नाही. आत पलंग आहे, भांडी आहेत, देव्हारा आहे. गणपती त्याच घरात बसतो, शिमग्याला पालखी त्याच अंगणात येते. वर्षातले पंधरा-वीस दिवस तिथे उभं राहायला जागा नसते आणि उरलेलं वर्ष वाळवी राहते. असं घर कुणी विकत नाही, कारण ते विकलं तर गणपती कुठे आणायचा? बाहेरच्याला हे कारण लहान वाटेल. कोकणात यापेक्षा मोठं कारण सहसा नसतं.

न विकण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कागदावर आहे.

एक सरळ उदाहरण घेऊ. जमीन पणजोबांच्या नावावर. त्यांना पाच मुलं. त्या पाचांना प्रत्येकी चार, झाले वीस. त्या विसांना दोन-दोन, झाले चाळीस. मध्ये कधी वाटणी झालीच नाही, कारण सगळे मुंबईत होते आणि जमिनीतून असं काय मोठं उत्पन्न येत होतं? प्रत्येक मृत्यूनंतर वारस नोंद होत गेली, म्हणजे मेलेल्याचं नाव कमी होऊन त्याच्या विधवेचं, मुलांचं, मुलींचं नाव लागत गेलं. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनच आहे हे पक्कं केलं. ते योग्यच झालं. पण पन्नास वर्षं न केलेली वाटणी आता करायची, तर बोरिवली, पुणे, बडोदा, दुबई असे सगळे सहहिस्सेदार गोळा करावे लागतात. बऱ्याच घरांत तर वारस नोंदही झालेली नसते आणि सातबाऱ्यावर मेलेलीच माणसं नांदत असतात.

म्हणजे गावातली माणसं जसजशी कमी होतात, तसतशी सातबाऱ्यावरची नावं वाढत जातात. कोकणातल्या घरांच्या प्रश्नाची गाठ माझ्या मते इथे आहे. पैसा, सिमेंट, योजना या सगळ्यांचा नंबर यानंतर लागतो.

गावात राहणारा, त्याच जमिनीवरच्या घरात जन्मलेला माणूस घरकुलाचा अर्ज करायला जातो तेव्हा त्याच्या हातात असतो ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा, म्हणजे नमुना आठ. तो म्हणतो, घर माझ्या नावावर आहे, घरपट्टी मी भरतो. पण असेसमेंट ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोण भरतं एवढंच ती सांगते. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. जमिनीचा हक्क बघायचा तर सातबारा. आणि तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मिळणारा आठ-अ हा तिसरा कागद. एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते त्यावर असतं. ग्रामपंचायतीचा तो नमुना आठ आणि तलाठ्याकडचा हा आठ-अ यांत भले भले गोंधळतात. जुनं मातीचं घर पाडून तिथेच घरकुल बांधायचं तरी सामाईक सातबारा असेल तर इतर हिस्सेदारांची संमती मागितली जाते. चाळीस जणांची संमती. त्यातल्या एकाचं आणि अर्जदाराचं वीस वर्षांपूर्वी आंब्याच्या झाडावरून भांडण झालेलं असतं.

देशावर गावठाण असतं: घरं एका जागी दाटीने, शेती बाहेर. तिथे स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जातायत, आणि त्याचा उपयोग होतो. कोकणात घरं वाड्यांत विखुरलेली, एकेक घर स्वतःच्या किंवा भावकीच्या शेतजमिनीत. बऱ्याच ठिकाणी गावठाण नावापुरतंच असतं, त्यामुळे वाडीतलं घर या मोजणीच्या बाहेर राहतं. सरकारी मोकळी जमीनही देशाच्या मानाने कमी. समोर दिसतो तो डोंगरसुद्धा कुणाच्या तरी खाजगी मालकीचा असतो. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, चौकुळ, गेळे या गावांची तऱ्हा आणखी निराळी. तिथली जमीन ‘कबुलायतदार गावकर’ अशा सामूहिक नोंदीची, पुढे सरकारच्या नावावर चढलेली. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या नावाचा स्वतंत्र सातबाराच नाही, त्यामुळे कर्ज काढतानाही अडचण आणि घर बांधतानाही.

बरं, बंद घर विकायचं नाही तर भाड्याने तरी द्या. इथे कूळकायद्याची आठवण आडवी येते. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसेल त्याची जमीन झाली, खोतांच्या तावडीतून हजारो कुळं सुटली. आनंदाची गोष्ट. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या आणि त्यांच्या शेजारपाजारच्या घरांत एक भीती कायमची बसली: कुणाला राहायला दिलं की कूळ लागेल. नातवालाही आजोबा हेच सांगतात. खरं तर ती कुळं शेतजमीन कसणाऱ्यांची होती. आज राहतं घर ठरावीक मुदतीसाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलं आणि करार नोंदवला, तर राहणाऱ्याला त्यातून कुळाचा हक्क मिळत नाही, आणि मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची तरतूद १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. हे गावोगाव कुणीतरी नीट सांगायला हवं. घर बंद ठेवून ते टिकतही नाही. दरवर्षी पावसाआधी शाकारणी झाली नाही की एक कौल सरकतं, एक वासा भिजतो, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस उरलेलं काम करतो.

भाड्याचं घर लागणारी माणसं गावात आहेत. आंब्याच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी, चिरेखाणीवरची कर्नाटकातली कुटुंबं, बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले शिक्षक, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर. बागेतला माणूस पत्र्याच्या खोपीत राहतो आणि मास्तर तालुक्याच्या गावी खोली घेऊन रोज ये-जा करतो. तिथेच स्थानिक तरुण जोडपंही खोली घेतं, कारण भावकीच्या घरात जागा नाही आणि नवं बांधायला कागद नाही. त्यांचं मूल तालुक्याच्या शाळेत जातं. वाडीच्या शाळेचा पट आणखी एकाने उतरतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्य सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती अशा वाड्यांनी घेतली. शाळा गेली की पुढचं जोडपं गावात राहण्याचा विचारही करत नाही.

आता पैशाकडे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात, डोंगराळ आणि दुर्गम ठरवलेल्या भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं हवं. रोजगार हमीतून स्वतःच्या घरावर ९० दिवसांची मजुरी धरता येते; २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती साधारण २८ हजार. शौचालयाचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्याने ५० हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलला. सौरचे सोडले तर सगळे मिळून होतात १ लाख ९५ हजार. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला दीड हजार धरला तरी २६९ फुटांना चार लाख लागतात. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम घरच्यांनी उभी करायची. वाडी पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, वर असेल तर टेम्पो खालीच थांबतो आणि चिरे माणसांनी वाहायचे. त्याची मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. शिवाय बांधायचा हंगाम दिवाळी ते मे एवढाच. हप्ता मार्चऐवजी मेमध्ये आला तर भिंती उघड्या पावसात उभ्या.

अनुसूचित जातींसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास, अशा राज्याच्या योजनाही आहेत. पण जागेची अट सगळीकडे आडवी येतेच. ज्याच्याकडे जागाच नाही त्याच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे: ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी ५० हजार मिळत, आता १ लाखापर्यंत मिळतात. हिशेब केला तर फुटाला २०० रुपये, म्हणजे गुंठ्याला २ लाख १८ हजारांच्या आसपास. आडगावात यात जागा मिळू शकते. समुद्र दिसणाऱ्या उतारावर किंवा महामार्गालगत अवघड. तिथे गवंडीकाम करणाऱ्या माणसाची स्पर्धा मुंबई-पुण्याच्या सेकंड होमवाल्याशी असते. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं ही कूळकायद्यातली अट आहे खरी, पण शेतकरी असलेले मुंबईकर काही कमी नाहीत. आणि गंमत अशी की चाळीस नावांची जमीन विकलीच जात नाही. ज्या थोड्या जमिनींचे कागद स्वच्छ, त्याच बाजारात येतात आणि एजंट आधी तिथेच पोचतो. गावातल्या गरजूच्या वाट्याला येऊ शकणारी जमीनही तीच.

यात तुकडेबंदीची भर होती. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा विकता येत नव्हता, मग एक-दीड गुंठा घरापुरता कोण देणार? २०२४ मध्ये नियम बदलले आणि ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतच्या तुकड्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने वाट मोकळी झाली. एक गुंठा म्हणजे १,०८९ फूट, तेव्हा ही सूट गुंठ्याला थोडी कमीच. पण छोटं घर आणि मागचं-पुढचं अंगण होतं त्यात. ही तरतूद गावात फारशी कुणाला माहीत नसते, हे दुर्दैव.

सगळ्यात वाईट अवस्था कातकऱ्यांची. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत त्यांच्या घरासाठी २ लाख रुपये आहेत. रक्कम चांगली आहे. पण घराखालची जमीन त्यांच्या नावाची नाही. महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात, त्यातून वाडीला हक्काची जागा देता येते. इथे हिस्सेदारांचं भांडण नाही, प्रशासनाची इच्छा लागते. म्हणूनच ती रखडली की राग जास्त येतो.

भावकीच्या जमिनीचं मात्र सरकार एकटं काही करू शकत नाही. सगळे सहमत असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी होते, आणि ते वकील-कोर्टापेक्षा खूप स्वस्त पडतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं नोंदणी शुल्कही २०२५ मध्ये सरकारने माफ केलं. एकानेही नकार दिला तर दिवाणी दावा. आणि निकाल लागला तरी प्रत्यक्ष हिस्से पाडायला फाईल परत महसूल खात्याकडेच येते. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पूर्ण वाटणीचा हट्ट धरू नये. बागा, कातळ, वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) राहू दे सामाईक. गावात राहणाऱ्याच्या घराखालचे दोन गुंठे तेवढे आधी त्याच्या नावावर करून द्यावेत. मुंबईकर भावंडांचा त्यात तोटा नगण्य, आणि त्यांच्या बंद घरावर वर्षभर नजर ठेवणारं माणूस गावात राहतं.

पुढची जनगणना २०२७ ची. माणसांची मोजणी फेब्रुवारीत, आणि १ मार्च हा संदर्भ दिवस, म्हणजे शिमग्याच्याही आधी. गणपतीत मोजणी झाली असती तर कोकणाची लोकसंख्या फुगलेली दिसली असती! पण कागद जमवायचे तर गणपतीसारखा मुहूर्त नाही, सगळ्या सह्या एकाच ओटीवर मिळतात. तेवढ्यासाठी सातबारा, फेरफार आणि वारस नोंदी श्रावणातच काढून ठेवा, मेलेल्यांच्या नावांचा निकाल आधी लावा. वाटणीसाठी सुट्टीचे दिवस संपल्यावर एक दिवस जास्त थांबा, कारण गणेश चतुर्थीला तहसील कार्यालय बंद असतं. जो परदेशात आहे त्याला भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवायला सांगा, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत चुकली तर कागद पुन्हा दुबईहून मागवायची पाळी येऊ शकते आणि सगळं पुढच्या गणपतीवर जाऊ शकतं.